हरवलेल्या बॅगेचा भाव: किलोमागे सोनं ते माणशी रक्कम

एका बॅगेत पैठणी आहे, दुसरीत दगडी खलबत्ता. दोन्ही बॅगा विमान कंपनीने हरवल्या, तर जास्त भरपाई कोणाला? आंतरराष्ट्रीय प्रवासात जवळजवळ पाऊण शतक याचं कायदेशीर उत्तर होतं: खलबत्तावाल्याला. कारण भरपाईची मर्यादा वजनावर ठरायची.

हा हिशोब १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सामध्ये झालेल्या करारातला. विमान वाहतूक तेव्हा बाल्यावस्थेत होती. एका अपघातात कंपनी बुडेल अशी भीती होती, म्हणून जबाबदारीला वरची हद्द घातली गेली. बदल्यात प्रवाशाला एक मोठी सवलत मिळाली. सामान कंपनीच्या ताब्यात असताना हरवलं, तर चूक कंपनीची हे प्रवाशाने सिद्ध करायचं नाही. आपण सगळी खबरदारी घेतली होती हे कंपनीने दाखवायचं. हद्द होती किलोमागे २५० फ्रँक. हा रोजच्या व्यवहारातला फ्रँक नव्हे, हिशोबापुरता सोन्याचा फ्रँक: ६५.५ मिलिग्रॅम, त्यात नव्वद टक्के शुद्ध सोनं. गणित करून पाहा. किलोमागे पावणेपंधरा ग्रॅम शुद्ध सोनं होतं, म्हणजे वीस किलोच्या बॅगेला सुमारे पंचवीस तोळे! आज हे वाचून कोणीही स्वतःहून बॅग हरवायला तयार होईल.

भारतात हा करार १९३४ च्या कायद्याने आला. जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपालाचं विमान आणलं त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आपल्याकडे विमानात बसणारे प्रवासी मोजकेच असताना त्यांच्या बॅगेचा कायदा मात्र तयार होता. पुढे १९७२ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला.

वॉर्सा करारात प्रवाशाच्या बाजूचं एक कलम होतं. कंपनीने सामानाची पावती दिलीच नाही, किंवा तिच्यावर बॅगांची संख्या, वजन असा आवश्यक तपशील नसला, तर कंपनीला मर्यादेची ढाल वापरता येत नसे. जुन्या तिकिटांच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेल्या मजकुराचं मूळ इथे आहे. आता पावतीतल्या त्रुटीमुळे मर्यादा उठत नाही. तरी बोर्डिंग पासवर चिकटवलेला टॅगचा तुकडा जपून ठेवावा. बॅग शोधताना आणि दावा करताना तोच हाताशी लागतो.

खरी गंमत झाली ती सोन्याच्या भावाने. अमेरिकेतल्या सरकारी दराने २५० फ्रँक म्हणजे किलोमागे वीस डॉलर, पौंडामागे ९.०७ डॉलर. सत्तरच्या दशकात खुल्या बाजारात सोनं भडकलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेने सरकारी दरच रद्द केला. मग फ्रँक मोजायचा कशाने? प्रवासी आणि व्यापारी म्हणणार बाजारभावाने, कंपन्या म्हणणार जुन्या दराने. नाणी-पदकं पाडणाऱ्या फ्रँकलिन मिंटचा ७१४ पौंडांचा माल टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीकडून हरवला. मागणी अडीच लाख डॉलरची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये जुनाच दर मान्य केला आणि हाती आले साडेसहा हजारांच्या आत. तो माल कार्गोतला असला, तरी बॅगेला कलम तेच लागू होतं.

हा गोंधळ मिटवायला दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. सोन्याच्या जागी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबी एकक, एसडीआर, आलं. आणि १९९९ च्या माँट्रियल करारात वजन बाजूला पडून सामानाची मर्यादा माणशी झाली: १,००० एसडीआर. हा करार २००३ च्या नोव्हेंबरात अमलात आला, भारतासाठी ३० जून २००९ पासून. दर पाच वर्षांनी महागाई पाहून आकडा तपासायचा, अशी सोय करारातच आहे. म्हणून तो ११३१, मग १२८८ आणि डिसेंबर २०२४ अखेर १५१९ झाला. रुपयांत दीड लाखाच्या पुढे. पण ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे; नुकसान बिलांनी दाखवावं लागतंच. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये आणखी एक मुद्दा स्पष्ट केला: एकाच बॅगेत कुटुंबातल्या दोघांचं सामान असेल, तर बॅग एकाच्या नावावर असूनही दोघांना दावा करता येतो, दुसऱ्याचं सामान त्यात होतं हे दाखवता आलं तर.

तक्रारीच्या मुदतीही बदलल्या. मोडतोडीसाठी पूर्वी तीन दिवस होते, आता बॅग मिळाल्यापासून सात. उशिरा आलेल्या बॅगेसाठी चौदाचे एकवीस झाले. तक्रार लेखीच हवी. एकवीस दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असं धरून दावा करता येतो, आणि न्यायालयात जायला दोन वर्षं मिळतात.

देशांतर्गत प्रवासाचा हिशोब वेगळा. किलोच्या भावाचा नियम आपल्या तिकिटांवर बराच काळ टिकला. ४५० रुपये किलो हा आकडा अनेकांनी वाचला असेल. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेत ही मर्यादा माणशी २०,००० रुपये दिली आहे. चांगली पैठणी त्यात बसेलच असं नाही. तिच्यासाठी वाट आहे ती चेक-इनच्या वेळी मूल्य जाहीर करून जादा आकार भरण्याची. ही तरतूद १९२९ च्या करारात होती, माँट्रियलमध्येही आहे. काउंटरवर मात्र विचारतात ते बॅगेत पॉवर बँक आहे का, एवढंच.