फिफ्थ व्हील कॅम्पर ट्रेलरला स्टॅबिलायझर बसवताना

फिफ्थ व्हील म्हणजे पुढचा भाग ओढणाऱ्या गाडीच्या हौद्यातल्या हिचवर (जोडावर) टेकणारा, आत राहता येणारा ट्रेलर. तो उभा असताना आत कोणी चाललं की रॅकवरची भांडी वाजतात, ही तक्रार घेऊन बहुतेक ग्राहक आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या शेडवर येतात. डुगडुग तीन ठिकाणांहून येते: टायर दबतात, स्प्रिंगचे पाटे लवतात आणि लँडिंग लेगच्या (गाडी सोडल्यावर पुढचा भाग पेलणाऱ्या पायांच्या) एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत थोडी फट असतेच. स्टॅबिलायझर, म्हणजे चासीखाली बसवलेला टेकू देणारा जॅक, एवढी डुगडुग थांबवतो. ट्रेलर उचलणं हे त्याचं काम नाही, मग जॅकवर कितीही टन छापलेले असोत.

जागा आणि जोडणी

पुढचा भार लँडिंग लेग घेतात, म्हणून बहुतेक ट्रेलरना मागे दोन कात्री जॅक (कात्रीसारखे उघडमीट होणारे) पुरतात. ते चासीच्या मुख्य गर्डरखाली, शेवटचा ॲक्सल आणि बंपर यांच्या मध्ये, बंपरकडे झुकते बसतात. अगदी टोकाला घेऊ नयेत, गतिरोधकावर आणि पुलाच्या चढावर तेच आधी घासतात. (घोडबंदर रोडने येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) हँडल बाजूने फिरवता येईल अशी दिशा आधीच ठरवावी.

भोक पाडण्याआधी तळाची शीट उघडून पाहावी. वायरिंग, पाण्याची आणि गॅसची लाइन गर्डरला चिकटूनच जाते.

प्रत्येक जॅकला 8.8 ग्रेडचे चार एम-10 बोल्ट, 11 मिमीची भोकं, नायलॉक (धक्क्यांनी सैल न होणारे) नट आणि वर 6 मिमीची प्लेट. चॅनेलच्या पाकळीला आतून उतार असतो, तिथे टेपर वॉशर हवाच, नाहीतर नट एका कडेवर बसतो आणि बोल्ट वाकतो. सर्वांत जास्त बिघाड पोकळ बॉक्स सेक्शनवर होतात. बोल्ट आवळला की 3 मिमीची भिंत आत चेपते, महिन्याभरात जॅक खुळखुळतो, पुन्हा आवळला की आणखी चेपते. म्हणून बोल्ट आरपार घेऊन आत पाइपचा तुकडा स्लीव्ह म्हणून घालतो. पातळ पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू आम्ही वापरत नाही, धक्क्यांनी त्यांचे आटे सुटतात.

वेल्डिंगचा हट्ट धरू नये. गर्डरच्या खालच्या पाकळीवर आडवं वेल्डिंग केलं की पुढे तडा तिथूनच जातो. वेल्डिंग करावंच लागलं तर टाके गर्डरच्या लांबीने घ्यावेत, बॅटरीची निगेटिव्ह काढावी आणि अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट चाकांच्या बेअरिंगमधून जात नाही. काम झाल्यावर कापलेल्या कडांना आणि भोकांना झिंक प्रायमर लावावा. खाडीची खारी हवा उघडं लोखंड सोडत नाही.

वापरताना

आधी पाणसळ ठेवून डावी-उजवी पातळी चाकांखाली फळ्या घालून साधावी. मग चाकांना पुढून-मागून ठोकळे, लँडिंग लेग खाली, ट्रेलर गाडीपासून सोडणं आणि लेगवरूनच पुढची-मागची पातळी. स्टॅबिलायझर सर्वांत शेवटी: जमिनीला टेकला की हाताने अर्धा ते एक फेरा, बस्स. जास्त आवळला की चासी पिळते. याची खूण दारावर दिसते: आधी सहज लागणारं दार चौकटीला वरच्या कोपऱ्यात घासू लागतं. तसं झालं तर जॅक लगेच सैल करावेत. दार नंतर रंधा मारून नीट करण्यात अर्थ नाही.

जॅकखाली फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड लाकडी फळी ठेवावी. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर नुसता पाय टेकवला तर ब्लॉक खचतो, पावसाळ्यात मातीत तर रात्रीत बसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं. एवढं करूनही पुढचा भाग मान डोलवत असेल तर किंग पिनखाली (हिचमध्ये बसणाऱ्या पुढच्या खिळीखाली) तिपाई लावता येते, तीही हलकीच टेकवून.

निघताना स्टॅबिलायझर आधी वर, मग हिच. विसरून गाडी ओढली तर ब्रॅकेट वाकतो आणि भोकं लांबट होतात.

कामाला आणताना पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून आणि गॅस सिलेंडर घरी ठेवून यावं. चासीवरची मापं आम्ही इथेच घेतो, तेव्हा जॅक आधी विकत घेऊ नयेत.