मुलांच्या किडनीवरचा रिसर्च: पहिला छोटा पैसा काय करतो आणि काय करत नाही

सकाळी उठल्यावर पोराचे डोळे सुजलेले दिसतात, घरच्यांना वाटतं ॲलर्जी असेल, चार दिवस डोळ्यात ड्रॉप्स टाकले जातात, मग पोट फुगतं, पायावर सूज येते आणि कुणीतरी लघवी तपासून घ्या म्हणतं तेव्हा रिपोर्टमध्ये प्रोटीन थ्री प्लस. नेफ्रोटिक सिंड्रोमची सुरुवात बऱ्याच घरात अशीच होते. किडनीत रक्त गाळणारी जी बारीक गाळणी असते तिच्यातून एरवी प्रोटीन खाली उतरत नाही, या आजारात ते लघवीतून वाहून जायला लागतं, रक्तातलं प्रोटीन घसरतं आणि पाणी अंगात साठतं. लाखभर मुलांमागे वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्याच नवीन केसेस, म्हणजे तसा दुर्मिळ आजार, पण दक्षिण आशियाई मुलांमध्ये तो जास्त दिसतो, अगदी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलांमध्येसुद्धा.

औषध ठरलेलं आहे, प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईड. आपल्याकडे पहिल्या वेळी साधारण ६ आठवडे रोज आणि पुढचे ६ आठवडे दिवसाआड देतात. बहुतेक मुलांची सूज उतरते, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा आजार परत परत उलटतो, आणि मग घरात एक वही सुरू होते. तारीख, लघवीचा रिझल्ट (निल, ट्रेस, वन प्लस, टू प्लस), गोळीचा डोस आणि शेवटी शेरा. कुणी स्ट्रिप बुडवून बघतं, कुणी परीक्षानळीत लघवी तापवून किती गढूळ होते ते बघतं. सलग ३ दिवस थ्री प्लस आलं की रिलॅप्स, परत स्टेरॉईडचा पूर्ण डोस, परत चेहरा गोल, सारखी भूक, चिडचिड, आणि वर्षानुवर्षं चाललं तर उंचीही खुंटते. या वह्या चाळल्या तर शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द सारखा सापडतो: सर्दी. सर्दी-खोकला झाला की आठवड्याभरात प्रोटीन वर.

मग साहजिकच डॉक्टरांच्या मनात आलं की सर्दी सुरू झाल्याझाल्या थोडे दिवस रोज छोटा डोस दिला तर रिलॅप्स थांबेल का? प्रश्न साधा आहे पण तो तपासायला पैसे लागतात, आणि मला या लेखात खरं तर त्याच पैशाबद्दल बोलायचंय.

मोठी ग्रँट देणारे लोक पहिल्यांदा विचारतात की आधीचा डेटा काय आहे. मुलं मिळतात का, किती पालक हो म्हणतात, किती जण मध्येच सोडून जातात, रक्ताचं सँपल लॅबपर्यंत नीट पोचतं का? हे दाखवल्याशिवाय मोठा पैसा मिळत नाही आणि पैशाशिवाय हे दाखवता येत नाही. ही कोंडी फोडायला जो छोटा पैसा असतो त्याला पायलट ग्रँट म्हणतात. अमेरिकेत एनआयएचची (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) आर०३ नावाची छोटी ग्रँट वर्षाला ५० हजार डॉलर अशी जास्तीत जास्त दोन वर्षं मिळते, आर२१ मध्ये दोन वर्षांत मिळून २ लाख ७५ हजारपर्यंत, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो त्या आर०१ मध्ये नेहमीच्या पद्धतीने वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि तेही पाच वर्षांपर्यंत मागता येतात. ५० हजार डॉलर ऐकायला बक्कळ वाटतात पण त्यात एका रिसर्च नर्सचा अर्धवेळ पगार, टेस्टची किट्स, उणे ८० डिग्रीच्या फ्रीझरमधली जागा, ड्राय आइस घालून कुरियर आणि थोडा स्टॅटिस्टिशियनचा वेळ एवढं बसवायचं म्हणजे काटकसरच.

मुलांच्या बाबतीत हे आणखी अवघड. एका हॉस्पिटलमध्ये पेशंट थोडे, औषध कंपन्यांना बाजार छोटा दिसतो, आणि रक्त घेण्यालाही मर्यादा. १० किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ८०० मिली रक्त असतं, युरोपातल्या शिफारशीप्रमाणे रिसर्चसाठी एका वेळी त्याच्या १ टक्का म्हणजे ८ मिलीच घ्यायचं आणि ४ आठवड्यांत मिळून ३ टक्क्यांच्या वर जायचं नाही. मोठ्या माणसाच्या हातातून दहा ट्यूब भरून घेता येतात, इथे प्रत्येक थेंबाचा आधी हिशोब करावा लागतो, आणि तो हिशोब बसतो की नाही हे पायलटमध्येच कळतं.

आता सर्दीच्या प्रश्नाकडे परत येऊ. श्रीलंकेत चाळीसेक मुलांवर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला, छोट्या डोसने रिलॅप्स कमी झाले. दिल्लीच्या एम्समध्ये १०० मुलांवर झाला, २०११ मध्ये आला, तिथेही फायदा दिसला. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या २०२१ च्या गाईडलाइनमध्ये वारंवार रिलॅप्स होणाऱ्या मुलांसाठी हा सल्ला आलासुद्धा. दरम्यान ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून प्रेडनॉस-२ नावाचा मोठा अभ्यास चालू होता, १२२ हॉस्पिटलं, ३६५ मुलं, अर्ध्यांना सर्दी झाली की ६ दिवस खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, कुणाला कुठली मिळतेय हे डॉक्टरलाही माहीत नाही. रिझल्ट आला तो असा: खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४२.७ टक्के मुलांना रिलॅप्स, खोटी घेतलेल्यांपैकी ४४.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. केडिगोच्या २०२५ च्या गाईडलाइनमध्ये तो सल्ला उलटा झाला, सर्दी झाली म्हणून सरसकट रोज स्टेरॉईड देऊ नका. (घरी गोळ्या चालू असतील तर हे वाचून स्वतःहून काही बदलू नका, स्टेरॉईड एकदम बंद करणं धोक्याचं असतं, आपल्या डॉक्टरांशी बोला.)

हे वाचून छोटे अभ्यास वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. ते झाले नसते तर एवढा मोठा अभ्यास करा म्हणून कुणाला पटवता आलं असतं? पण ४० किंवा १०० मुलांत दोनचार जण इकडचे तिकडे झाले तरी टक्के हलतात, शिवाय चांगला दिसणारा रिझल्ट छापून येतो आणि न दिसणारा फाईलमध्ये पडून राहतो, त्यामुळे छोट्या अभ्यासात फायदा फुगलेला दिसण्याची शक्यता कायम असते. पायलट अभ्यास कसे लिहावेत याचे आंतरराष्ट्रीय नियम २०१६ मध्ये आले त्यातही हेच आहे की पायलटने मोठा अभ्यास करणं जमेल का एवढं सांगावं, औषध चालतं का याचा निकाल देऊ नये. आणि मोठा अभ्यास फक्त गोऱ्या देशांतच होतो असंही नाही, पहिल्यांदाच आजार झालेल्या मुलांना स्टेरॉईड ३ महिने द्यायचं की ६ महिने हा जुना वाद, जुने अभ्यास लांबच्या कोर्सच्या बाजूने झुकलेले, तो आपल्याच एम्सच्या पुढाकाराने १८१ मुलांवर तपासला गेला आणि २०१५ मध्ये कळलं की ६ महिन्यांचा काही जास्त फायदा नाही. किती मुलांचं तीन महिन्यांचं स्टेरॉईड वाचलं असेल विचार करा.

छोट्या पैशाचा दुसरा उपयोग म्हणजे साठवलेल्या सँपलवर नवीन कल्पना लावून बघणं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून चालणारं नेपच्यून नावाचं नेटवर्क आहे, नेफ्रोटिकच्या मुलांचं आणि मोठ्यांचं रक्त, लघवी, बायोप्सी वर्षानुवर्षं जपून ठेवतं आणि पायलट प्रोजेक्टनाही पैसे देतं. या साठ्यातली सँपल्स बोस्टनच्या टीमने तपासली. गाळणीत नेफ्रिन नावाचं प्रोटीन असतं (त्याचा जीन १९९८ मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांमुळे सापडला होता), आणि २०२२ मध्ये या टीमने दाखवलं की मिनिमल चेंज प्रकारच्या (साध्या मायक्रोस्कोपखाली गाळणी जवळपास नॉर्मल दिसते तो प्रकार) ६२ पेशंटपैकी १८ जणांच्या रक्तात याच नेफ्रिनविरुद्ध अँटीबॉडी आहेत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच गाळणीवर उलटलेली. १८ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या टीमने बऱ्याच मोठ्या गटात जास्त बारीक टेस्ट लावली तेव्हा आजार जोरात असताना आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू नसताना ९० टक्के मुलांमध्ये त्या सापडल्या. इतकी वर्षं ज्याला कारण माहीत नाही असं म्हणत होतो त्याचं एक कारण असं हातात आलं.

आपल्याकडे आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी स्टायपेंड देतं, एमडीचे थिसिस होतातच, म्हणजे छोट्या अभ्यासांची सवय आहे आणि पेशंट तर भरपूर आहेत. पण थिसिस सबमिट झाला की सँपल फेकलं जातं आणि पुढचा विद्यार्थी परत शून्यातून सुरू करतो हे मला फार खटकतं. फ्रीझर, वीज गेली तर जनरेटर, आणि डेटा नीट भरणारा एक माणूस, एवढ्यासाठी कुणी सलग पाच वर्षं पैसे दिले तर त्याच सँपलवर दहा पायलट होतील.

आणि पायलटच्या मापाचा प्रश्न तर समोरच आहे. रिलॅप्स व्हायच्या आधी रक्तात नेफ्रिनच्या अँटीबॉडी वाढतात का, वाढत असतील तर स्ट्रिपवर थ्री प्लस यायच्या किती दिवस आधी? त्यासाठी वारंवार रिलॅप्स होणारी तीसेक मुलं, दर महिन्याला आणि प्रत्येक सर्दीला २ मिली रक्त, एक वर्ष, आणि घरच्या त्या वहीची झेरॉक्स, कारण कुठल्या दिवशी प्रोटीन चढायला लागलं हे हॉस्पिटलच्या फाईलमध्ये नसतं, ते आईने लिहिलेलं असतं.