परदेशी आणि बहुदेशीय लॉ फर्म्सचे नियमन

एकाहून अधिक देशांत किंवा राज्यांत वकिली करणाऱ्या फर्मला कोणते नियम लागू होतात, तिच्यावर देखरेख कोणाची आणि तक्रार आल्यास कारवाई कोणी करायची, हे ठरवणारी कायद्यांची व आचारसंहितांची व्यवस्था. सगळा गुंता एका गोष्टीतून निर्माण होतो. वकिलीची सनद व्यक्तीला मिळते आणि ती एका हद्दीपुरती असते. अशिलाचे काम मात्र फर्म घेते आणि ते हद्द ओलांडून जाते. एखाद्या कंपनी-खरेदीच्या करारावर मुंबईतले वकील, लंडनचे सॉलिसिटर आणि न्यू यॉर्कचे ॲटर्नी एकाच वेळी काम करतात, पण तिघांची आचारसंहिता वेगळी आणि शिस्तभंगाचे अधिकारी वेगळे. इथे मुख्यतः भारतातील व्यवस्थेचा विचार केला असून इतर देशांचे नियम गरजेपुरते घेतले आहेत.

भारतातील कायद्याची चौकट

अधिवक्ता अधिनियम, १९६१ हा व्यक्तीला ओळखतो, फर्मला नाही. कलम २९ नुसार वकिली करण्याचा हक्क असलेला वर्ग एकच, तो म्हणजे राज्य बार कौन्सिलच्या नामावलीत नोंदलेले अधिवक्ते. कलम ३३ तेच बंधन न्यायालये व इतर प्राधिकरणांपुढील कामाला घालते, आणि हक्क नसताना तिथे वकिली करणाऱ्याला कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. परदेशी नागरिकाला सनद मिळू शकते, पण कलम २४ आणि ४७ मधील परस्परतेच्या अटीवर: त्याच्या देशात भारतीयांना तशी मुभा असली पाहिजे.

व्यवहारात याहून जास्त अडवणारा नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेच्या नियमावलीत, सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. अधिवक्ता नसलेल्या कोणाशीही भागीदारी करता येत नाही आणि फीची वाटणीही करता येत नाही. भारतीय फर्म आणि परदेशी फर्म यांच्यातल्या करारात गडबड होते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी. नाव एकत्र लावले, संकेतस्थळ एक केले, अशिलांची देवाणघेवाण ठरवली, इथवर वाद घालायला जागा राहते. पण वर्षअखेरीस एका बाजूच्या नफ्याचा हिस्सा दुसरीकडे गेला की नियम सरळ मोडतो. रेफरल फी (अशील पाठवल्याबद्दलचा मोबदला), ‘मार्केटिंग खर्च’ किंवा नावाच्या वापराचे शुल्क म्हणून दाखवलेली रक्कम उत्पन्नाच्या टक्केवारीत ठरली असेल, तर ती फीची वाटणीच ठरण्याचा धोका असतो. असे करार तपासताना मथळा बाजूला ठेवून पैसे कोणत्या सूत्राने फिरतात ते आधी पाहावे.

तीन निकाल

१९९० च्या दशकात व्हाइट अँड केस, चॅडबर्न अँड पार्क आणि ॲशर्स्ट या फर्म्सना रिझर्व्ह बँकेने परकीय चलनविषयक कायद्याखाली भारतात संपर्क कार्यालये उघडण्याची परवानगी दिली. त्याविरुद्ध लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली. निकाल लागायला चौदा वर्षे गेली. १६ डिसेंबर २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार आणि न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांच्या खंडपीठाने सांगितले की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभे राहणे नव्हे. सल्ला देणे, करार लिहिणे हेही त्यात येते, म्हणून कोर्टाबाहेरच्या कामालाही सनद हवी आणि रिझर्व्ह बँकेने परवानगी द्यायला नको होती.

मद्रास उच्च न्यायालयाने ए. के. बालाजी प्रकरणात २१ फेब्रुवारी २०१२ रोजी थोडी वाट मोकळी केली: परदेशी वकिलाने तात्पुरते येऊन परदेशी कायद्यावर सल्ला द्यावा, आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादात काम करावे, हरकत नाही. १३ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती आदर्श कुमार गोयल आणि उदय लळीत यांनी, मुंबईचा अर्थ उचलून धरला आणि मद्रासची मुभा घट्ट केली. क्वचित येऊन सल्ला देणे ही वकिली नव्हे. वारंवार येऊ लागले तर ती वकिली. ‘वारंवार’ म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणात पाहायचे होते, आणि फर्म्सची खरी अडचण तिथेच होती. लवादाबद्दल परदेशी वकिलांना सरसकट हक्क नाही, पण सरसकट बंदीही नाही, आणि आल्यास भारतीय वकिलांची आचारसंहिता त्यांना लागू, असे न्यायालयाने म्हटले. नियम करायचे की नाही हे बार कौन्सिल आणि केंद्र सरकारवर सोडले.

नोंदणीचे नियम

ते नियम मार्च २०२३ मध्ये राजपत्रात आले, नावात वर्ष मात्र २०२२ आहे. मे २०२५ मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली. ‘वारंवार’ म्हणजे किती, या प्रश्नाला या नियमांत आकडा मिळाला: नोंदणी न करता येणाऱ्या परदेशी वकिलाने कोणत्याही बारा महिन्यांत एकूण साठ दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही, भारतात कार्यालय ठेवायचे नाही आणि परदेशी किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यावरच सल्ला द्यायचा. बारा महिने म्हणजे कॅलेंडर वर्ष नव्हे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाळीस दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारीत तीस दिवस राहिलेला वकील दोन्ही कॅलेंडर वर्षांत मर्यादेच्या आत दिसतो, प्रत्यक्षात सत्तर दिवसांवर गेलेला असतो. म्हणून प्रवासाची नोंदवही मागच्या बारा महिन्यांवर चालवावी लागते आणि तिचा मेळ टाइमशीटशी, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीशी, बसावा लागतो.

यापुढे जायचे असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी. अर्जासोबत मायदेशातील नियामकाचे प्रमाणपत्र, तिथे भारतीय वकिलांना अशीच मुभा असल्याचा दाखला आणि भारतीय कायद्याची वकिली करणार नाही अशी हमी द्यावी लागते. परस्परतेच्या दाखल्यावर अर्ज अडू शकतो, कारण अमेरिकेसारख्या देशात सनद राज्यांची असते आणि देशभराच्या वतीने असा दाखला देणारा एकच नियामक नाही. २०२३ च्या नियमांत फर्मसाठी नोंदणी शुल्क ५०,००० डॉलर आणि अनामत ४०,००० डॉलर ठेवली होती. एकट्या वकिलासाठी अनुक्रमे २५,००० आणि १५,००० डॉलर. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायचा असतो.

नोंदणी झाली तरी कोर्ट, न्यायाधिकरण किंवा शपथेवर पुरावा घेणारे कोणतेही प्राधिकरण बंदच. मालमत्तेचे हस्तांतरण आणि टायटल (मालकी हक्क) तपासणीही करता येत नाही. कंपनी-खरेदीत या शेवटच्या बंधनाचा चटका बसतो. विकत घ्यायच्या कंपनीकडे चाकणला किंवा तळोज्याला कारखान्याची जमीन असेल, तर सात-बारा, फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट भारतीय वकिलानेच, त्याच्याच सहीने द्यायचा. परदेशी फर्मने तो आपल्या अहवालात स्वतःचा निष्कर्ष म्हणून मिसळला की ती हद्दीबाहेर गेली; परिशिष्ट म्हणून, भारतीय वकिलाच्या नावाने जोडणे हाच सुरक्षित मार्ग. २०२५ च्या दुरुस्तीने भारतीय फर्म्सनाही नोंदणी करून परदेशी कायद्याचे काम करण्याची सोय दिली, आणि त्यासाठी भारतातील वकिलीचा हक्क सोडावा लागत नाही.

जागतिक फर्म्सची एक लाडकी रचना म्हणजे स्विस फेरिन, स्विस नागरी संहितेखालची संघटना. नाव व यंत्रणा सामायिक असते, पण प्रत्येक देशातील फर्मचा नफा आणि जबाबदारी वेगळी. बेकर मॅकेन्झीची रचना अशी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने निवेदन काढून फेरिन, सामायिक नाव किंवा अनन्य रेफरल यांच्या आडून नोंदणीशिवाय भारतात काम करण्याविरुद्ध इशारा दिला.

नियम एकमेकांना छेदतात तेव्हा

इंग्लंडमध्ये नियमन फर्मपर्यंत पोचते. सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी फर्मला अधिकृत करते, तिथे अनुपालनाचा आणि आर्थिक बाबींचा असे दोन जबाबदार अधिकारी नेमावे लागतात, आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा कंपनी असेल तर प्रत्येक दाव्यासाठी किमान ३० लाख पौंडांचा विमा. २००७ च्या कायद्याने वकील नसलेल्यांनाही फर्ममध्ये मालकी घेता येते. जर्मनीत निव्वळ गुंतवणूकदाराला ती बंद आहे, आणि युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती बंदी वैध ठरवली. गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी असलेली इंग्लिश फर्म भारतीय अधिवक्त्याला भागीदार करू पाहते तेव्हा तोच प्रश्न भारतातही येतो.

फीचेही तसेच. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारीने फी घेणे अमेरिकेत रूढ आहे, इंग्लंडमध्ये २०१३ पासून मर्यादेत चालते, भारतीय अधिवक्त्याला मनाई आहे. लवादाच्या एकाच प्रकरणात तिन्ही देशांचे वकील असतील, तर अशिलाशी एकच फी-करार करू नये. भारतीय वकिलाचा करार स्वतंत्र असावा आणि त्याची फी निकालावर अवलंबून नसावी.

गोपनीयतेतली चूक सर्वांत महाग पडते, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत फक्त युरोपीय सनद असलेल्या स्वतंत्र वकिलाशी झालेला पत्रव्यवहार सुरक्षित राहतो. १९८२ च्या एएम अँड एस आणि २०१० च्या अक्झो नोबेल या निकालांनी हे पक्के केले. पुण्याच्या कंपनीने जर्मन उपकंपनीच्या दरनिश्चितीबद्दल पुण्यातल्या वकिलाला ईमेलने सल्ला विचारला आणि ती ईमेल फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर राहिली, तर चौकशी अधिकारी ती वाचू शकतात. असा पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून युरोपीय सनदधारकामार्फतच ठेवावा.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची सनद वेगळी. बिरब्रोवर या न्यू यॉर्कच्या फर्मने १९९२-९३ मध्ये कॅलिफोर्नियातील अशिलासाठी तिथे जाऊन लवादपूर्व वाटाघाटी केल्या. फीवरून वाद झाला तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की तिथल्या सनदेशिवाय तिथे केलेल्या कामाची फी वसूल होणार नाही. न्यू यॉर्कमध्ये बसून केलेल्या कामापुरता विचार वेगळा. त्यानंतर अमेरिकन बार असोसिएशनने २००२ मध्ये आदर्श नियम सुधारून तात्पुरत्या कामाला ठराविक सवलती दिल्या. कोणते तास कोणत्या राज्यात झाले हे बिलात लिहिलेले नसेल, तर अशी विभागणी करता येत नाही.

भारतात राज्याराज्यांत ही भिंत नाही. कलम ३०, जे १५ जून २०११ पासून अमलात आले, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सनदेवर देशात कुठेही उभे राहू देते. तरी उच्च न्यायालये कलम ३४ खाली स्वतःचे नियम करतात. अलाहाबादला तिथल्या नामावलीबाहेरच्या वकिलाला स्थानिक वकिलासोबतच वकालतनामा द्यावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा नियम योग्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयात दाखल करण्याचे काम ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डमार्फतच, म्हणजे त्या न्यायालयाने त्यासाठी नोंदलेल्या वकिलामार्फतच, होते. फर्मविरुद्ध तक्रार मात्र फर्मच्या नावाने चालत नाही: कलम ३५ खालची तक्रार वकालतनाम्यावर किंवा सल्ल्यावर सही असलेल्या अधिवक्त्याविरुद्ध, त्याचे नाव ज्या नामावलीत आहे त्या राज्य बार कौन्सिलकडे करायची असते. म्हणून अनेक कार्यालये असलेल्या फर्मला काम देताना सही कोण करणार आणि त्याची सनद कोणत्या राज्याची, हे अशिलाने नेमणूकपत्रातच लिहून घ्यावे.