बिसिनोसिस : मुंबईच्या गिरणी कामगारांचा श्वसनविकार

कापूस, जवस यांच्या धाग्यांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाऊन होणारा श्वासनलिकांचा आजार. मुंबईत तो परळ, लालबाग, भायखळा या गिरणगावातल्या कामगारांच्या छातीत घर करून राहिला.

सुरुवातीचे लक्षण वाराशी बांधलेले असते. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर गेले, की काही तासांत छाती आवळते, खोकला येतो, धाप लागते. मंगळवारी त्रास ओसरतो. पुढे तो आठवडाभर राहू लागतो आणि अखेरीस सुट्टीतही दम लागतो. ब्रिटिश वैद्य रिचर्ड शिलिंग यांनी 1950च्या दशकात याच क्रमावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. धोका सर्व खात्यांत सारखा नसतो. गासड्या फोडून कापूस मोकळा करणाऱ्या ब्लो रूममध्ये आणि कापूस विंचरणाऱ्या कार्डिंग खात्यात तो सर्वाधिक. कापसाबरोबर येणाऱ्या पानाकाडीच्या कचऱ्यावर जिवाणू वाढतात; त्यांच्यातील एंडोटॉक्सिन हे विषद्रव्य श्वासनलिकांना सूज आणते, असे मानले जाते.

छातीच्या एक्स-रेत या आजाराची स्वतःची अशी खूण उमटत नाही. त्यामुळे क्षय शोधण्यासाठी काढलेल्या फिल्ममध्ये तो सापडत नाही. भरवशाचा मार्ग स्पायरोमेट्रीचा : जोराने फुंकर मारल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे सोमवारी पाळीच्या आधी आणि नंतर मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1983च्या वर्गीकरणानुसार 5 ते 10 टक्के घट सौम्य, 10 ते 20 टक्के मध्यम आणि त्यापुढची तीव्र. म्हणजे तपासणी गिरणीच्या दारातच व्हायला हवी. आठवड्याच्या मध्यावर दवाखान्यात फुंकलेला कामगार सुरुवातीच्या काळात धडधाकट ठरू शकतो, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो.

मुंबईतील संशोधनात परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांचे काम पायाभूत आहे. त्यांच्या पथकाने गिरणी कामगारांची फुप्फुसक्षमता अभ्यासली. शिवाय लालबाग, चेंबूर आणि खार येथील रहिवाशांच्या श्वसनविकारांची तुलना करून हवेच्या प्रदूषणाशी त्यांचा संबंध तपासला. लालबागच्या कामगाराला दुहेरी मार बसत होता, गिरणीत धूळ आणि चाळीबाहेर धूर. मुंबईच्या एका गिरणीतील बिसिनोसिसवरचा व्ही. मुरलीधर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 1995मध्ये प्रसिद्ध झाला.

तोवर गिरणगाव विरत चालले होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि माणसे कोकणात, घाटावर पांगली. गिरणी सुटल्यावर सोमवारची खूणही पुसली जाते. उरलेला जुनाट आजार धूम्रपानाने होणाऱ्या सीओपीडीपासून, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या विकारापासून, वेगळा ओळखता येत नाही. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराच्या केसपेपरवर मग बिडीच कारण म्हणून लिहिली जाते. कोणत्या खात्यात, किती वर्षे, हा प्रश्न विचारला तरच निदान होते. कामगार राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिस व्यावसायिक आजार म्हणून नोंदला गेला. भरपाईच्या दाव्यासाठी हे निदान कागदावर यावे लागते.