मॉड्यूल फाइल सगळ्यांची, व्हेरिएबल ज्याचे त्याचे

अनेक संगणक जोडून केलेल्या क्लस्टरवर एखादे सॉफ्टवेअर वापरायचे तर त्याची मॉड्यूल फाइल लोड करतात; ती त्यासाठी लागणारे पाथ आणि व्हेरिएबल तुमच्या शेलमध्ये बसवते. ही फाइल एकच असते आणि तीच शेकडो जण लोड करतात. तरी तिच्यातल्या काही व्हॅल्यू प्रत्येकाला वेगळ्या लागतात: स्क्रॅच (तात्पुरत्या फाइलींची) डिरेक्टरी, लायसन्स फाइल, पायथनची स्वतःपुरती पॅकेजेस. ही व्हॅल्यू नेमकी कधी ठरते, यावरच बहुतेक गोंधळ होतात, आणि त्याचे मूळ बरेच जुने आहे.

युनिक्समध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येक प्रोसेससोबत असणाऱ्या नाव-व्हॅल्यूच्या जोड्या, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आले. चाइल्ड प्रोसेसला पॅरेंटच्या व्हेरिएबलची फक्त प्रत मिळते. तिने केलेला बदल पॅरेंटपर्यंत पोचत नाही. म्हणजे साधा प्रोग्राम चालवून लॉगिन शेलचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टरींची यादी) बदलता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन फर्लानी यांनी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरांच्या १९९१ च्या लिसा परिषदेत ‘मॉड्यूल्स’ मांडले. त्यात यावर तोडगा असा, की ‘मॉड्यूल’ हे शेलचे एक फंक्शन किंवा एलियास असते. मागचा प्रोग्राम तुमच्या शेलच्या भाषेत कमांड छापतो आणि शेल त्या ‘इव्हॅल’ने स्वतःवर चालवतो. त्यामुळे एकच फाइल बॅशलाही चालते आणि सी-शेललाही. पुढे पीटर ओझेल यांच्या साथीने हे सी आणि टीसीएल या भाषांवर उभे राहिले.

मॉड्यूल फाइल टीसीएलमध्ये आल्याने ती शेल स्क्रिप्ट उरली नाही, आणि पहिली ठेच इथेच लागते. व्हेरिएबलला व्हॅल्यू देणाऱ्या ‘सेटएन्व्ह’च्या ओळीत शेलच्या सवयीने डॉलर-होम (आपल्या होम डिरेक्टरीसाठी) लिहिले, तर असे व्हेरिएबलच नाही म्हणून टीसीएल अडते. तेच महिरपी कंसात टाकले की एरर जाते, पण व्हेरिएबलमध्ये डॉलर-होम ही अक्षरे जशीच्या तशी बसतात. हे जास्त वाईट, कारण ते कळते तासाभराने, जॉब पडल्यावर. व्हॅल्यू टीसीएलच्या ‘एन्व्ह’ ॲरेतून घ्यायची. ‘प्रॉक’च्या, म्हणजे टीसीएलच्या फंक्शनच्या, आत असाल तर आधी ‘ग्लोबल एन्व्ह’ लिहायचे, आणि नाव अस्तित्वात आहे का ते ‘इन्फो एक्झिस्ट्स’ने तपासायचे. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनसारख्या तुटपुंज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये हवे ते व्हेरिएबल असेलच असे नाही.

अनलोड करताना तीच फाइल पुन्हा वाचली जाते, फक्त कमांडचा अर्थ उलटा: ‘सेटएन्व्ह’ व्हेरिएबल पुसते, ‘प्रीपेंड-पाथ’ पाथच्या सुरुवातीला जोडलेला तुकडा काढते. कोणता तुकडा, हे मात्र त्या क्षणी नव्याने ठरते. लोड केल्यावर मधे कोणी स्क्रॅचचे व्हेरिएबल बदलले, तर जुना तुकडा पाथमध्ये तसाच राहतो. शिवाय ‘सेटएन्व्ह’ आधीची व्हॅल्यू लक्षात ठेवत नाही. तुम्ही बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) घातलेली व्हॅल्यू लोडने झाकली जाते आणि अनलोडने कायमची जाते. म्हणून एलमॉड या मॉड्यूल्सच्या दुसऱ्या अवतारात ‘पुशएन्व्ह’ आहे, जे जुनी व्हॅल्यू रचून ठेवते आणि परत देते. मूळ मॉड्यूल्समध्ये ते पाचव्या मालिकेत आले.

एलमॉड हे टेक्सास ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग सेंटरच्या रॉबर्ट मॅक्ले यांचे, लुआ भाषेतले. तिथे होम ‘ओएस डॉट गेटएन्व्ह’ने मिळते. व्हेरिएबल नसेल तर ‘निल’ येतो आणि पाथ जोडताना फाइल कोसळते. ‘ऑर’ लावून रिकामी स्ट्रिंग द्यावी. दुसरी अडचण स्पायडर कॅशची, म्हणजे सगळ्या मॉड्यूल फाइली आधीच वाचून केलेल्या यादीची. कॅश ॲडमिन बनवतो, म्हणून फाइलमध्ये होमवरून मॉड्यूलपाथ (मॉड्यूल फाइली शोधायच्या डिरेक्टरींची यादी) वाढवला असेल, तर त्यात ॲडमिनचे होम नोंदले जाते.

मूळ मॉड्यूल्सची चौथी मालिका २०१७ मध्ये आली. ती फ्रान्सच्या सीईए या संशोधन संस्थेतील झेव्हिएर देलार्युएल यांच्या देखरेखीखाली पूर्ण टीसीएलमध्ये गेली. त्या मालिकेतल्या ‘गेटएन्व्ह’ कमांडला पर्यायी व्हॅल्यू देता येते, आणि फाइल काय करते ते नुसते दाखवणाऱ्या ‘मॉड्यूल शो’मध्ये ती खऱ्या पाथऐवजी व्हेरिएबलचे नाव दाखवते. ‘शो’वरून आठवले: तेव्हाही फाइल चालतेच. फाइलमध्ये डिरेक्टरी तयार करण्याची ओळ असेल, तर नुसते बघणाऱ्याच्या खात्यातही ती डिरेक्टरी उगवते. अशी ओळ ‘मॉड्यूल-इन्फो मोड लोड’च्या अटीत ठेवावी.

एकट्यापुरती गरज असेल तर सामाईक फाइलला हात लावण्याचे कारणच नाही. ‘यूज डॉट ओन’ लोड केले की होममधली ‘प्रायव्हेटमॉड्यूल्स’ डिरेक्टरी शोधयादीत येते. एलमॉडवर ‘मॉड्यूल यूज’ला आपल्या डिरेक्टरीचा पाथ द्यावा. क्लस्टरवर जॉब लावणाऱ्या स्लर्मच्या स्क्रिप्टमध्ये मात्र आधी ‘मॉड्यूल पर्ज’ने लोड केलेले सगळे काढावे आणि मग हवे ते लोड करावे, कारण जॉब पाठवणारी एसबॅच कमांड सबमिट करतानाचे व्हेरिएबल मुळातच सोबत नेते.