माजी महिला सरपंच (मराठवाडा)

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत गावोगावी आढळणारी निवृत्त लोकप्रतिनिधी. तिची कारकीर्द बहुधा पाच वर्षांची, एकाच मुदतीची असते आणि ती मतदारांपेक्षा आरक्षणाच्या चक्रानुक्रमामुळे (राखीव पद दर निवडणुकीला गावागावांत फिरते) संपते. आरक्षण नसतानाही बीडमधून केशरकाकू क्षीरसागर 1980, 1984 आणि 1991 मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या, पण तो अपवाद.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांना 1990 मध्ये 30 टक्के, 73व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा मिळाल्या. सरपंचपदाची सोडत तालुक्याला निघते. पुढच्या सोडतीत पद खुले झाले की ज्या घराने सुनेला उभे केले, त्याच घरातला पुरुष अर्ज भरतो. खुल्या पदावर लढायला बाईला कायद्याची आडकाठी नाही; तिकीट देणाऱ्या गटाची असते.

पद मिळण्याआधीच बरेच अर्ज छाननीत अडतात. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले असेल तर अपात्रता येते. नवऱ्याने वा सासऱ्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केलेले असले आणि ती तिथेच नांदत असली, तर निवडून आल्यावरही पद जाऊ शकते. राखीव जागेवर जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावे लागते. जुन्या निजामी कागदांतला पुरावा शोधण्यात इथे वेळ जातो.

खरी सत्ता सहीत असते. वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीनेच खर्ची पडतो. 15व्या आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. सहीचे डोंगल (डिजिटल सही साठवलेले छोटे यूएसबी उपकरण) नवऱ्याच्या खिशात किंवा संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असले की बाईला देयक कशाचे निघाले तेही कळत नाही. डोंगल आणि पिन दोन्ही स्वतःकडे ठेवणे, हाच यावरचा उपाय.

ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती लागते. बीडच्या ऊसतोड गावांत दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे गेल्या की 26 जानेवारीची सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नको ते ठराव तिथेच मंजूर करून घेतले जातात. ग्रामसभेआधी स्वतंत्र महिला सभा घेणे बंधनकारक आहे, पण कित्येकदा ती फक्त इतिवृत्तात होते आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. टँकरच्या दिवसांत मात्र बाया न बोलावता जमतात. माणशी 20 लिटरचा हिशेब आणि खेपांची नोंद सरपंच बाईला तोंडपाठ असावी लागते.

सरपंचाची थेट मतदारांकडून निवडणूक 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव तीन चतुर्थांश बहुमताने मंजूर झाला तरी शेवटचा कौल ग्रामसभेच्या गुप्त मतदानाचा. पहिली दोन वर्षे ठराव आणताच येत नाही. सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा तेव्हा सदस्य फोडून बाईला घरी बसवणे सोपे होते.

पद सुटले तरी जबाबदारी सुटत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघून वसुली लागली, तर ती सहसा सरपंच आणि ग्रामसेवकावर निम्मी-निम्मी बसते आणि नोटीस बाईच्या नावाने येते, व्यवहार कोणीही केलेला असो. म्हणून पदभार देताना नमुना 5 ची रोकडवही बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहावी, मोजमाप पुस्तिका (कामांची मोजमापे नोंदवण्याची वही) आणि दप्तर यादीनिशी सोपवून पोच घ्यावी आणि डिजिटल स्वाक्षरी पोर्टलवरून रद्द करून घ्यावी.