जखम शिवणे

अपघाताने किंवा शस्त्राने दुभंगलेली त्वचा तपासून, स्वच्छ करून तिच्या कडा परस्परांना भिडवून धरण्याची क्रिया. टाके हे तिचे सर्वांत रूढ साधन असून चिकटपट्ट्या, धातूच्या पिना आणि ऊतक-डिंक यांचाही वापर होतो. शस्त्रक्रियेसाठी घेतलेला छेद शिवणे हा याच क्रियेचा प्रकार होय. मात्र तेथे छेदाची जागा, दिशा आणि स्वच्छता शल्यचिकित्सकाने आधीच ठरवलेली असते. प्रस्तुत नोंद मुख्यतः अपघाती जखमांविषयी आहे.

प्राचीन उल्लेख : जखम शिवण्याच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांत ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसाची (पपायरस वनस्पतीच्या कागदावरील वैद्यकीय हस्तलेखाची) गणना होते. त्याची उपलब्ध प्रत इ. स. पू. सु. १६०० ची असून मूळ मजकूर त्याहून काही शतके जुना असावा. त्यात ४८ रुग्णांची वर्णने आहेत. दहाव्या वर्णनात भुवईवरील, हाडापर्यंत गेलेल्या जखमेच्या कडा जुळवून पहिल्या दिवशी तिच्यावर ताजे मांस बांधावे व पुढे चरबी आणि मध वापरावा, असे सांगितले आहे. कडा जुळवण्यासाठी तेथे सुई-दोराच अभिप्रेत आहे की चिकट द्रव्य लावलेल्या कापडी पट्ट्या, याविषयी एकमत नाही.

भारतीय परंपरेतील सविस्तर विवेचन सुश्रुतसंहितेत आढळते. तिच्या सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य आणि सीव्य अशी आठ शस्त्रकर्मे असून सीव्य म्हणजे शिवण्याजोग्या व्याधी. टाक्यांचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी हे चार प्रकार दिले आहेत. ऋजुग्रंथी म्हणजे आजचा सुटा टाका आणि वेल्लितक म्हणजे जखमेभोवती वेढे घेत जाणारा सलग टाका, असे सामान्यतः मानतात. उरलेल्या दोहोंची आजच्या प्रकारांशी घातलेली सांगड तितकी खात्रीची नाही. दोऱ्यासाठी अश्मंतकाची साल, ताग, क्षौम (जवसाचा धागा), स्नायू, केस, मूर्वा आणि गुळवेल यांचे तंतू सुचवले आहेत. कमी मांस असलेल्या जागी व सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागी तीन अंगुळे लांबीची तीनधारी सुई, तर मर्मस्थाने, वृषणकोश आणि उदर यांवर धनुष्यासारखी वाकडी सुई वापरावी, असा संकेत आहे. टाका फार दूर घेतल्यास जखमेच्या ओठाला वेदना होतात आणि फार जवळ घेतल्यास तो ओठ फाडून बाहेर येतो, हे निरीक्षण आजच्या निवासी डॉक्टरलाही जसेच्या तसे सांगता येईल.

काय शिवू नये, याची यादी या अध्यायातील सर्वांत उपयुक्त भाग म्हणावी लागेल. क्षार, अग्नी किंवा विष यांनी झालेल्या, वायू वाहणाऱ्या आणि आत रक्त किंवा शल्य (रुतलेली परकी वस्तू) राहिलेल्या जखमा शिवू नयेत. धूळ, केस, नख आणि सुटलेले हाड आधी काढावे, नाहीतर जखम पिकते व वेदना होतात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. सुश्रुताच्या शस्त्रविद्येविषयीचे लोकप्रिय लेखन सुया व यंत्रे यांवरच रेंगाळते आणि हा निषेध बहुधा वगळते.

संहितेचा काळ वादग्रस्त आहे. इ. स. पू. ६०० ही वारंवार उद्धृत होणारी तारीख प्राच्यविद्यापंडित हर्न्ले यांच्या मताशी मिळतीजुळती आहे. आजचे बहुतेक अभ्यासक ग्रंथ एका काळी एका हाताने लिहिलेला न मानता इ. स. पू. शेवटच्या शतकांपासून इ. स. पाचव्या शतकाच्या आसपासपर्यंत त्यात भर पडत गेली, असे मानतात आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. उत्तरतंत्र हा तिचा शेवटचा भाग मागाहून जोडला गेला, यावर फारसा मतभेद नाही. काठमांडू येथील एक तालपत्र हस्तलिखित इ. स. ८७८ चे आहे. त्यामुळे सीवनाचे चार प्रकार ‘अडीच हजार वर्षांपूर्वीचे’ म्हणताना सावधगिरी हवी.

मुंग्यांकरवी जखम बंद करण्याचा उल्लेखही सुश्रुताच्या नावावर सांगितला जातो. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात तो आहे खरा, पण तो त्वचेविषयी नाही. उदररोगात पोट उघडून छिद्र पडलेल्या आतड्यावर मोठ्या काळ्या मुंग्यांना चावा घेऊ द्यावा व त्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावीत, असा तो विधी आहे. पोटावरील बाहेरची जखम त्यानंतर सुईनेच शिवायची आहे.

रोमन लेखक सेल्सस (इ. स. पहिले शतक) यानेही टाके आणि जखम सांधण्याच्या आकड्या यांची चर्चा केली आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाज पारे चेहऱ्यावरील जखमांसाठी कडांना कापड चिकटवून त्या कापडालाच टाके घालीत असे.

पुण्याचा पुरावा : टाके न घालता त्वचा सांधण्याचे एक उत्तम नोंदले गेलेले उदाहरण महाराष्ट्रातील आहे. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसवले. या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाले. कारागीर वीट-कुंभारकाम करणाऱ्या जातीचा होता, एवढेच त्याच्याविषयी तेथे म्हटले आहे. त्याचे नाव नाही. त्वचा बसवताना टाके घातले नव्हते. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवल्या आणि चार दिवस दुसरे काही लावले नाही. या पद्धतीचे मूळ सुश्रुतात शोधण्याकडे कल असतो. तेथे मात्र नाक घडवण्यासाठी गालाची त्वचा सांगितली आहे व सांधा शिवायचा आहे. त्यामुळे पुण्यातील प्रघात ग्रंथापेक्षा कारागिरांच्या पिढीजात परंपरेतून आला असावा, हे मत जास्त सयुक्तिक दिसते.

जंतुसंसर्ग टाळण्याचे तंत्र येईपर्यंत शिवलेली जखम पिकणे ही नित्याची बाब होती. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक अम्लाच्या वापराविषयी लेख प्रसिद्ध केले आणि पुढे त्याच अम्लात भिजवलेला कॅटगट (मेंढीच्या आतड्यापासूनचा, शरीरात विरघळणारा धागा) वापरात आणला.

तपासणी : रक्तस्राव थांबवणे प्रथम, बहुतेक वेळा स्वच्छ कापडाने दाब देणे पुरते. जखम कशाने, केव्हा व कोठे झाली, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, धनुर्वाताची लस कधी घेतली, हे विचारले जाते. जखमेपलीकडील संवेदना, हालचाल आणि रक्तपुरवठा बधिर करण्यापूर्वीच पाहावे लागतात. बधिर झालेल्या बोटाची तंत्रिका (नस, नर्व्ह) तुटली आहे की नाही, हे नंतर सांगता येत नाही. हातावरच्या जखमेत कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) अर्धवट तुटलेली असूनही बोट वाकते, म्हणून ते अडवून ताकद पाहतात. मूठ आवळताना जखम झाली असेल तर कंडरेवरील चीर उघड्या हातात त्वचेखाली सरकून दिसेनाशी होते. बोटे हलवत जखमेचा तळ पाहणे हा त्यावरचा उपाय. काच क्ष-किरण चित्रात बहुधा दिसते, लाकडाची ढलपी बहुधा दिसत नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी बरी.

मारहाणीच्या प्रकरणांत याच तपासणीला कायद्याचे वजन येते. कापलेली जखम आणि बोथट आघाताने फाटलेली जखम यांत डॉक्टरने फरक नोंदवायचा असतो. डोक्यावर, जेथे त्वचेच्या लगेच खाली हाड असते, तेथे काठीच्या घावाने फाटलेली त्वचाही धारदार शस्त्राने कापल्यासारखी दिसते. भिंगातून पाहिल्यास कडांचा चेंदा, ठेचलेल्या केसमुळ्या व दोन कडांमधील ऊतकांचे धागे आढळतात. टाके घातल्यावर हे सारे झाकले जाते, म्हणून लांबी, रुंदी, खोली आणि कडा यांची नोंद आधी करतात. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार गंभीर दुखापत ठरते.

सहा तासांचा नियम : जखम सहा तासांत शिवावी, त्यानंतर उघडी ठेवावी, हा दंडक अनेक पिढ्यांनी पाठ केला. त्याचे मूळ पॉल लिओपोल्ड फ्रीड्रिख यांच्या १८९८ मधील प्रयोगांत दाखवले जाते. त्यांनी गिनी पिगच्या जखमा बागेतील माती आणि जिन्यावरची धूळ घालून दूषित केल्या व दूषित कडा किती वेळात कापून काढल्यास प्राणी वाचतो, हे पाहिले. सु. सहा तासांनंतर कापण्याचा उपयोग दिसला नाही. हा प्रयोग माणसावरील नव्हता, प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातला होता आणि मुख्य म्हणजे तो टाक्यांविषयी नव्हताच. किंग्स्टन (जमैका) येथील २०४ जखमांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ तासांच्या आत शिवलेल्यांपैकी ९२ टक्के, तर त्यानंतर शिवलेल्यांपैकी ७७ टक्के जखमा नीट भरल्या. डोके व चेहरा यांवरील जखमांत मात्र उशिराने फरक पडला नाही. अमेरिकेतील २,६६३ रुग्णांच्या २०१४ मधील अभ्यासात जंतुसंसर्गाचे प्रमाण २.६ टक्के होते. मधुमेह, पायावरची जागा, ५ सेंमी.हून जास्त लांबी आणि दृश्य घाण यांच्याशी संसर्गाचा संबंध दिसला, लोटलेल्या वेळेशी दिसला नाही. असे असले तरी दोन्ही अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. घड्याळापेक्षा जखमेची जागा आणि घाण पाहून निर्णय घेणे आता अधिक मान्य आहे.

संशय असल्यास जखम धुऊन, मृत ऊतक काढून मोकळी ठेवतात आणि तीन ते पाच दिवसांनी पू नसल्यास शिवतात. या विलंबित प्राथमिक सीवनाला पहिल्या महायुद्धात बळ मिळाले. खंदकातील शेतमातीने माखलेल्या जखमा लगेच शिवल्या की वायुकोथ (गॅस गँग्रीन) होई. बेल्जियन शल्यचिकित्सक आंत्वान दपाज यांनी मृत ऊतक पूर्ण कापून काढून उशिरा शिवण्याचा पुरस्कार केला.

धुणे व बधिर करणे : धुणे हा उपचाराचा गाभा होय. सामान्य जखमेसाठी पिण्यायोग्य नळाचे पाणी निर्जंतुक लवणजलाइतकेच चालते, असे चाचण्यांत दिसले आहे. पाण्याचे प्रमाण साधारणपणे दर सेंमी. लांबीला ५० ते १०० मिलि. सांगतात. तीव्र पूतिरोधके (जंतुनाशक द्रावणे) जखमेच्या आत ओतल्यास ऊतकांना इजा होते. ती भोवतालच्या त्वचेसाठी ठेवावीत. बधिरतेसाठी लिग्नोकेन प्रचलित आहे. बोटात अॅड्रेनॅलीनमिश्रित लिग्नोकेन देऊ नये, हा जुना निषेधही आता सैल झाला आहे.

कुत्रा चावलेली जखम : भारतात या प्रकाराला वेगळे नियम आहेत. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. त्वचा फाटून रक्त आले असल्यास लसीबरोबर रेबीज प्रतिपिंडे जखमेत व भोवती टोचतात. टाके शक्यतो घालत नाहीत, कारण सुईमुळे विषाणू तंत्रिकांच्या टोकांपर्यंत खोल जाण्याची भीती असते. चेहऱ्यावरील मोठ्या जखमेला टाके अटळ असल्यास प्रतिपिंडे टोचल्यावर काही तास थांबून मोजके, सैल टाके घालतात. चुना, हळद, मिरची यांचे लेप जखमेत गेले असतील तर ते आधी धुऊन काढावे लागतात.

टाके : सुटा टाका, गादी टाका (उभा व आडवा), सलग टाका आणि त्वचेखालून जाणारा अंतस्त्वचीय टाका हे मुख्य प्रकार. सुट्या टाक्यात सुई त्वचेत काटकोनात शिरवून वर जितके ऊतक घ्यावे तितकेच किंवा त्याहून थोडे अधिक खोलवर घेतात, म्हणजे कडा किंचित बाहेर वळतात. कडा आत वळलेल्या राहिल्यास जखम भरल्यावर तेथे खाच राहते. चेहऱ्यासाठी ६-० किंवा ५-०, हात-पाय व धड यांसाठी ४-०, डोक्यासाठी ३-० असे धागे वापरतात. शून्याआधीचा आकडा वाढतो तसा धागा बारीक. ओठाच्या लाल भागाची कड ओलांडणाऱ्या जखमेत पहिला टाका त्या कडेवरच घालतात, कारण तेथील एका मिमी.ची चूकही समोरून दिसते. भुवई भादरत नाहीत.

ऊतक-डिंक (सायनोॲक्रिलेट वर्ग) कोरड्या, ताण नसलेल्या, सरळ कडांच्या जखमांना योग्य. मुलांच्या कपाळावरील खोकेला तो सोयीचा पडतो. डोक्याच्या जखमेत दोन बाजूंच्या केसांच्या बटा एकमेकींत पिळून त्यावर डिंकाचा थेंब टाकण्याचीही पद्धत आहे.

टाके काढणे : चेहऱ्यावरील टाके ३ ते ५ दिवसांनी, डोके, धड व हात यांवरील ७ ते १० दिवसांनी, पाय व सांधे यांवरील १० ते १४ दिवसांनी काढतात. या सुमारास जखमेची ताकद मूळ त्वचेच्या तुलनेत फारच थोडी असते. तीन आठवड्यांनी ती सु. २० टक्के होते आणि काही महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास पोचून तेथेच थांबते. छाती, खांदा आणि कानाची पाळी येथे व्रण जाड होऊन मूळ जखमेबाहेर पसरण्याची (कीलॉइड) प्रवृत्ती असते. असा व्रण नुसता कापून काढल्यास बहुधा पुन्हा येतो. म्हणून त्यात स्टेरॉइडाची इंजेक्शने देतात.